मूळ रक्कम परत नको

नलू दारव्ह्याच्या एका खाजगी इंग्रजी शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळेत सगळे तिला मॅडम म्हणत. घरी विठ्ठलदादासाठी ती नलू, विमलवहिनीसाठी नलूताई आणि कपिल-निकितासाठी आत्या. लग्न झालं नव्हतं. करायचं नाही असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं. वडील गेले तेव्हा नुसत्या शेतीवर घर भागत नव्हतं, तिच्या पगारावर भागत होतं, आणि भागवणारा पगार कुणी दुसऱ्या घरी पाठवत नाही. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा स्थळं यायची बंद झाली होती.

सरकारी शिक्षकांना मिळते तशी पेन्शन तिला मिळणार नव्हती. म्हणून शाळेतल्या गणिताच्या अतिया मॅडमनी तिला फार वर्षांपूर्वी पोस्टात पीपीएफचं खातं उघडायला लावलं होतं. पंधरा वर्षांची मुदत. भरताना आयकरात सूट, व्याजावर कर नाही, काढतानाही कर नाही. दर मार्चला ती पैसे भरत गेली. आपल्या पैशातली तेवढीच एक गोष्ट होती जी घराबाहेर राहिली.

ती छप्पन्न वर्षांची असताना त्या खात्याची मुदत भरली. घरात ही गोष्ट तिच्या आधी दादाला आठवली.

"यंदा तुह्यं पोस्टातलं खातं मोकळं होते न?" जेवता जेवता विठ्ठलरावानं विचारलं. "कपिल ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान टाकतो म्हणते. जागा पाह्यली त्यानं बसस्टँडजवळ."

नलूनं वरण वाढून घेतलं. "मी अजून काही ठरवलं नाई दादा."

"ठरवाचं काय त्यात? बिनटॅक्सचा पैसा हाय. हातात येऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिनं अतिया मॅडमना विचारलं. अतिया मॅडम डबा खाता खाता कोणतीही गोष्ट फळ्यावर लिहिल्यासारखी सांगत.

"तीन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "पैसे काढून घ्या, कर नाही. नाहीतर तेच खातं पाच वर्षांसाठी वाढवा, व्याज चालू राहील, तेही बिनटॅक्सचं. पण लागले तर काढता येतात, हे लक्षात ठेवा. तिसरा रस्ता एनपीएस, सरकारची पेन्शन योजना. त्यात टाकले की साठीपर्यंत विसरायचं. साठीला काही रक्कम एकदम मिळते, तिच्यावर कर नाही. बाकीची पेन्शनला लागते, ती मरेपर्यंत दर महिन्याला येते. ती पेन्शन मात्र उत्पन्नात धरतात."

"म्हणजे पेन्शनीवर टॅक्स?"

"उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर. तुमची पेन्शन किती येणार, मॅडम? मर्यादेच्या जवळपाससुद्धा जाणार नाही." अतिया मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "खरा फरक टॅक्सचा नाही. एक पैसा मागितला की निघतो आणि एक निघत नाही. तुम्हाला कोणता पाहिजे?"

नलू हसली. पण दिवसभर वर्गांवर फिरताना तिच्या डोक्यात तेच होतं. तिला नाही म्हणता येत नसे. पालकांना ती नाही म्हणे, शिक्षकांना म्हणे, संस्थेच्या अध्यक्षांनाही एकदा म्हणाली होती. घरात मात्र तोंडातून शब्द फुटत नसे. विहिरीची मोटर, निकिताचं लग्न, कपिलची गाडी, दर वेळी दादा विषय काढी आणि दर वेळी तीच म्हणे, किती लागतात?

रविवारी सगळे घरी होते. निकिताही नेरहून माहेरी आली होती, तिच्या चिमुकल्या उर्वशीला घेऊन. नलूनं विचार करून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"मी ते पैसे पेन्शनच्या खात्यात टाकून राह्यली."

विठ्ठलरावानं चहाचा कप खाली ठेवला. "कोणत्या पेन्शनच्या?"

तिनं सांगितलं. साठीपर्यंत निघणार नाहीत, हेही सांगितलं.

"म्हणजे बिनटॅक्सचा पैसा उचलून टॅक्सच्या खात्यात टाकून राह्यली तू? शिकली-सवरली ना तू? कोणं सांगतलं हे?"

"मी विचारून आली दादा. एवढ्याशा पेन्शनीवर टॅक्स लागत नाई."

"आज नाई लागत, उद्या लागीन. सरकारचा काय भरोसा?"

"पण तुम्हाले पेन्शन लागते कायले, नलूताई?" विमलवहिनी मध्येच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच नवल होतं. "खाले घरचं, राहाले घर. म्हातारपणी माणसाले एक खाट अन् दोन भाकरी लागते. ते का आम्ही देनार नाई?"

ज्या घरात नलू पस्तीस वर्षं पगार देत आली, तिथं तिला खाट आणि भाकरी द्यायचं वचन मिळत होतं.

कपिल तोवर मोबाइल पाहत बसला होता. त्यानं मान वर केली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "आत्या, तसंही नॉमिनी मीच आहो न त्या खात्याचा. आज देल्ले काय अन् मंग मिळाले काय, सारखंच. उलट आज देल्ले तर कामी पडतीन."

कुणी त्याला गप्प केलं नाही. कुणाला त्यात चुकीचं वाटलंच नाही. निकिता तेवढी उठली आणि पोरीला घेऊन आत गेली.

"हिशेब बरोबर आहे तुझा," नलू कपिलला म्हणाली. कप उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली धरून उभी राहिली.

त्याच आठवड्यात तिनं पीपीएफ बंद केलं आणि यवतमाळला बँकेत जाऊन सगळे पैसे एनपीएसमध्ये भरले.

पुढची चार वर्षं घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दादा तिच्याशी कामापुरता बोलू लागला. कपिलनं कर्ज काढून दुकान टाकलं, ते चाललंही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, घरचे असून बँकेच्या दारात जावं लागलं. त्याचं लग्न झालं तेव्हा विमलवहिनींनी नलूची खोली नव्या जोडप्यासाठी मागितली. मागितली म्हणजे तिची पुस्तकं आधीच बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली होती. तिथं खताची पोती आणि फवारणीचे पंप असत. नलू तिथं झोपू लागली. खोलीला औषधाचा वास होता, तो तिच्या साड्यांना लागला, आणि शाळेतल्या लहान मुली जवळ आल्या की नाक मुरडत.

साठी झाली, शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. आता खात्यातून बाहेर पडायचं होतं. अतिया मॅडम तिच्यासोबत यवतमाळला आल्या. बँकेतला तरुण अधिकारी व्यवस्थित समजावून सांगत होता.

"साठ टक्के एकरकमी मिळतात मॅडम, टॅक्स फ्री. चाळीस टक्के पेन्शनला."

"सगळेच पेन्शनला लावता येतात का?"

"येतात. पण असं कुणी करत नाही."

"मॅडम," अतिया मॅडम हळूच म्हणाल्या, "बिनटॅक्सचे आहेत, ते तरी घ्या. दुखलं-खुपलं तर हातात पैसा पाहिजे."

"हातात आले तर ते माझे राहणार नाहीत. माझं मला माहीत आहे." नलू अधिकाऱ्याकडे वळली. "सगळे लावा."

मग त्यानं पेन्शन देणाऱ्या विमा कंपनीकडचे प्रकार सांगितले. एकात पेन्शन थोडी कमी, पण नलू गेल्यावर मूळ रक्कम वारसाला परत. दुसऱ्यात पेन्शन जास्त, पण नलू गेली की संपलं, कुणालाही काही नाही.

"दुसरा."

"थांबा जरा," अतिया मॅडमनी तिचा हात धरला. "कपिलला नको ना? मग निकिताचं नाव लावा. पोरगी तुमच्या अंगाखांद्यावर वाढली."

नलूनं क्षणभर विचार केला. निकिता नेरला सुखात होती, नवऱ्याचं कपड्यांचं दुकान होतं. "तिला कशाची कमी आहे? आणि तिचं नाव लावलं काय, दादाचं लावलं काय, घरचे दोन गोड शब्द बोलून तिच्याकडून काढून घेतील." मग ती हसली, आणि ते हसू अतिया मॅडमना अजिबात आवडलं नाही. "मूळ रक्कम परत नको. कुणालाच नको."

सही करताना तिला जे वाटलं तो आनंदच होता. इतका झणझणीत आनंद तिला आयुष्यात दुसऱ्या कशानं झाला नव्हता.

घरी तिनं स्वतःच सांगितलं. विठ्ठलरावाला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तू गेली का पैसा कंपनीचा?"

"हो."

"अन् आमचं काय?"

"तुमचं काय होतं त्यात, दादा?"

तो म्हातारा दिसत होता. "घर होतं," तो म्हणाला. "आपलं घर होतं नलू. अशी मोजून मोजून तोडाची काय गरज होती?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नव्हे, खरं. ते पाहून तिचा आनंद तिथंच अर्धा झाला. पण आता बदलता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

महिनाभरात तिनं यवतमाळला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान न्यायला कपिलनं गाडी दिली नाही. पेन्शन सुरू झाली. टॅक्स लागला नाही. सकाळी बाजार, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी शेजारच्या पोरांचं इंग्रजी. अतिया मॅडमचा फोन येई. दारव्ह्याहून कुणाचाच येत नसे.

एका दुपारी दार वाजलं आणि निकिता उर्वशीसह उभी. हातात बॅग. गालावर पिवळटलेला डाग.

"कोणं केलं हे?"

"कोण करीन?" निकिता खाटेवर बसली. "दोन वर्षं झाले आत्या. आमचं कपड्याचं दुकान बुडालं तवापासून."

"दादाकडे नाही गेलीस?"

"गेलती. बाबा काही बोलले नाई. कपिल म्हणाला, चार दिवस राह्य अन् वापस जाय, आमच्याच घरात जागा नाई."

नलूनं भात टाकला. उर्वशी जेवून झोपली. मग निकितानं मनातलं सांगितलं. तिला डी.फार्मसी करायचं होतं, दोन वर्षांचा कोर्स, मग कुठंही मेडिकलमध्ये नोकरी. प्रवेशाचे पैसे पाहिजे होते. "तुह्याजवळ हायेत न? तू साठीले काढले ते? मी एक एक रुपया वापस करीन."

नलू सांगू लागली. सांगता सांगता तिला आपलाच आवाज बँकेतल्या त्या पोरासारखा वाटू लागला. सगळे पेन्शनला. काढता येत नाहीत. माझ्यानंतरही नाही.

"माह्यं नाव नाई लावलं?" निकितानं विचारलं.

"मला वाटलं, तुला गरज नाही."

"विचारलं काहून नाई मले?"

नलू म्हणाली, "तू इथं राह्य. पेन्शनीत तिघींचं भागते. कोर्स पुढल्या वर्षी करजो, मी महिन्याचे थोडे थोडे मागे टाकीन."

निकितानं झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरूण ओढलं. "अन् तू गेली का?" ती म्हणाली. "तवा ही बारावीत असीन. तवा कोठी जाऊ मी? नवराही तवापर्यंत दुसरी बायको करीन." तिनं हे रागानं म्हटलं नाही, आणि तेच नलूला सहन झालं नाही. "कपिलवर राग होता तुहा. मले समजते. पण त्या रागात मीही होती हे तुले दिसलंच नाई."

तिसऱ्या दिवशी निकिताचा नवरा आला. नलूच्या पाया पडला, रडला, पोरीला खांद्यावर घेतलं. नलू दारात आडवी उभी राहिली.

"ती नाही येणार."

"येतो मी," आतून निकिता म्हणाली आणि बॅग घेऊन बाहेर आली.

त्या महिन्यापासून नलू निकिताच्या खात्यात पैसे पाठवू लागली, प्रवेशासाठी वेगळे ठेव म्हणून. प्रवेशाचे दिवस आले आणि गेले. निकिता फोनवर म्हणे, पुढच्या वर्षी पाहू. नलूनं फार खोदून विचारलं नाही. एका महिन्यात नलू तापानं आजारी पडली आणि पैसे पाठवायचे राहिले, तेव्हा नेरहून फोन आला. निकिताच्या नंबरवरून, पण बोलत होता तिचा नवरा. आवाज गोड होता.

"आत्याबाई, तब्येत बरी हाय ना? जपजा बरं. या महिन्याचे आले नाई अजून, म्हणून म्हटलं विचारावं."

"निकिताला फोन दे."

"ते कामात हाय. तुम्ही सांगा न, पाठवता का आज?"

मागून उर्वशी रडत असल्याचा आवाज येत होता, मग दार लोटल्याचा, मग तोही बंद झाला. नलूच्या तोंडात नाही हा शब्द आला होता. तिनं तो तसाच धरून ठेवला.

"पाठवते," ती म्हणाली, आणि पायात चप्पल घालून बँकेकडे निघाली.