कुकीज गार होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. खिडकीची नव्हे, आणि गटारावरची तर मुळीच नव्हे. मी कुकीज गार करायची जाळी. ओव्हनमधून निघालेल्या कुकीज माझ्या अंगावर मांडतात, खालून-वरून वारा लागतो आणि त्या निवतात. कौतुक सगळे ओव्हनचं करतात. पण मी ते मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. या घरातले बाबा वेल्डर आहेत. आई पूर्वी गरम कुकीज ताटात काढायची आणि वाफ धरून त्या बुडाशी ओलसर व्हायच्या. बाबांनी ते पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत स्टीलच्या उरलेल्या सळया कापून, जोडून, घासून मला घडवलं. नाजूक काम त्यांना ठाऊकच नाही. माझे पाय पाहून आईने विचारलं, "अहो, यावर कुकीज ठेवायच्यात की ट्रक उभा करायचाय?"

"मोडणार तर नाही ना?" बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आईला कुकीज शिकवल्या त्या वरच्या मजल्यावरच्या इटालियन आजींनी. त्यांच्या हातांना कायम लिंबाच्या सालीचा वास यायचा, म्हणून या घरातल्या मुली त्यांना लिंबूआजी म्हणत. लोणी, साखर, अंडी, मैदा आणि लिंबाची किसलेली साल घालून मऊ पीठ मळायचं, त्याचे गोळे वरून पांढरेच राहतील इतपत भाजायचे आणि गार होऊ द्यायचे. मग पिठीसाखर लिंबाच्या रसात कालवून केलेल्या दाट लेपात ते बुडवायचे आणि लेप ओला आहे तोवर वर रंगीत साखरेचे दाणे भुरभुरायचे. पुढे लिंबूआजींचे हात थरथरू लागले आणि त्यांचा ओव्हन थंडावला. आईने ठरवलं, आता त्यांच्या कुकीज आपण करायच्या, अगदी त्यांच्यासारख्या.

दर रविवारी लिंबूआजी खाली यायच्या. एक कुकी घ्यायच्या, अर्धी खायच्या, उरलेली अर्धी बशीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जाळी छान आहे." आईचा चेहरा पडायचा. मी मात्र आतून फुलून यायचे, खोटं कशाला बोलू!

आईने साखर कमी करून पाहिली, लोणी वाढवून पाहिलं, लिंबं बदलली. म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. खरी गोम माझ्या अंगावरच होती. या घरात एक शिरस्ता होता. बाबांनी बोट लावून निकाल दिल्याशिवाय आई चिमट्याने कुकी उचलून लेपात बुडवत नसे, कारण गरम-गारातलं बाबांना जास्त कळतं असा सगळ्यांचा समज. पण तापलेलं लोखंड हाताळून हाताळून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. ते कुकीला बोट टेकवून "झाल्या गार" म्हणत, तेव्हा माझ्या सळया चांगल्या पोळत असत. गरम कुकीवर लेप टिकतो थोडाच? थोडा आत मुरायचा, थोडा माझ्यातून खाली गळायचा आणि कुकी व्हायची गिच्च. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी?

शेवटी आईने हात टेकले. कुकीज बंद पडल्या आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर कुंड्या आल्या. त्यांना माझे भक्कम पाय फार आवडले. मला त्या आवडल्या नाहीत. माझ्या सांध्यांत माती बसली, आणि रविवारी कुणाच्या तरी खिडकीतून लोण्याचा वास आला की मला रडू यायचं.

मग एके सकाळी कळलं, लिंबूआजी मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. दुपारी गाडी येणार होती. आई उठली, कुंड्या उतरवल्या आणि ब्रशने मला घासू लागली. "एकदा तरी त्यांनी माझ्या हातची अख्खी कुकी खाल्ली पाहिजे," ती तिच्या बहिणीला म्हणाली. मुलींची ही मावशी मदतीला आली होती.

कुकीज भाजून माझ्यावर आल्या. थोड्या वेळाने बाबांनी बोट टेकवलं. "झाल्या गार."

मावशीने एक उचलली, लगेच सोडली आणि बोट तोंडात घातलं. "भाऊजी, ही बोटं आहेत की पकड?"

"का? गार तर आहे."

"तुम्ही चहा काय गॅसवरूनच पिता?"

आईने स्वतःचं बोट टेकवलं, झटकन मागे घेतलं आणि बाबांकडे पाहिलं. "अहो, म्हणजे इतकी वर्षं..." आणि हसून हसून ती खालीच बसली. मित्रांनो, मला हलता आलं असतं तर मी तेव्हा नाचलेच असते.

आता खरोखर गार होईपर्यंत थांबायचं ठरलं. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"पंखा लावू का?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही कशालाच हात लावू नका," आई म्हणाली.

मग बाबा खाली गेले आणि सायलेन्सरचा जोड कसा कच्चा आहे हे ड्रायव्हरला समजावत बसले. ड्रायव्हर बिचारा गाडीखाली वाकून वाकून बघत होता. वर कुकीज निवल्या. लेप लागला, दाणे पडले, लेप वाळला आणि वर पातळ पांढरी पापडी धरली. आईने कुकीजसकट मलाच उचललं आणि जिना उतरली.

लिंबूआजी गाडीत बसल्या होत्या. त्यांनी एक कुकी घेतली. अर्धी खाल्ली आणि थांबल्या. हात माझ्याकडे वळला, आणि आईने मान खाली घातली. पण तो हात दुसरी कुकी उचलून परत गेला. पहिलीची उरलेली अर्धी त्यांनी केव्हाच तोंडात टाकली होती.

"मला वाटायचं, या कुकीज माझ्याबरोबरच संपणार," त्या आईला म्हणाल्या. "आता मी सुखाने जाते."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. धुवा, पुसा, कामाला लावा. आम्हाला तोंड नसतं, म्हणून आमच्याकडे जरा नीट बघा. आणि कुकी गार झाली की नाही, हे नेहमी स्वतःच्या बोटाने पाहा. लागला जरासा चटका तर लागू दे, पण एखाद्या म्हातारीची अख्ख्या आयुष्याची चव त्यावर अवलंबून असते.