एकशे एक नंबरची खोली

हॉटेलला तीन तारे हवेत हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते एका कंपनीच्या फोनमुळे. लोणावळ्याजवळ कुसगावात आमचं चोवीस खोल्यांचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी भरतं, सोमवारी ओस पडतं. कंपनीला वर्षभर दर सोमवार-मंगळवारी बारा खोल्या हव्या होत्या, पण हॉटेल किमान थ्री स्टार असावं असा त्यांचा नियम होता. आदिनाथने छाती फुगवून सांगितलं की आम्हाला चार पूर्णांक दोन आहेत. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ते मोबाईलवरचे का?"

मोबाईलवरचे तारे पाहुणे देतात आणि पोह्यात मीठ कमी पडलं की काढूनही घेतात. कंपनीला हवे होते ते तारे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची समिती देते. अर्ज आपण होऊन करायचा, त्याची सक्ती नाही. मग समिती येऊन खोल्या, संडास, स्वयंपाकघर, आग विझवायची सोय, सगळं तपासते. मिळालेले तारे पाच वर्षं चालतात, नंतर पुन्हा परीक्षा. आदिनाथने हे सगळं घरी आईला समजावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चार हायत तर तीन कशापायी मागतूस?" त्यावर तो जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

विठाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी वडिवळ्याच्या शेतात बांधावरून घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पायात जोर आला नाही. तेव्हापासून व्हीलचेअर. आमचं राहतं घर हॉटेलच्या मागेच आहे. तिथल्या बाथरूमचं दार अरुंद, त्यात उंबरा. म्हणून मी आणि आदिनाथने दोन्हीकडून धरून त्यांना उचलून आत न्यायचं. चाळीस वर्षं चिखलात भात लावलेली बाई, पण संडासला जायचं तर हाक मारावी लागायची. त्यांना त्याची इतकी लाज वाटायची की त्या पाणीच पीत नसत. उन्हाळ्यातसुद्धा दिवसाला दोन पेले. डॉक्टर रागावले, मी रागावले, उपयोग शून्य. दार रुंद करून घ्या असं मी आदिनाथला सांगायचे, तर तो म्हणायचा, सीझन संपू दे. लोणावळ्याचा सीझन कधी संपत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

तारे मिळवायला पुण्याहून एक सल्लागार आले. त्यांनी भली मोठी यादी पुढे केली. त्यात एक खोली अपंग पाहुण्यांसाठी हवी होती. दारं मीटरभर रुंद, बाथरूमचं दार सरकतं, बेसिन खाली, कमोडशेजारी धरायला दांडे, बाहेर उतार. आदिनाथने त्याच दिवशी गोरख मिस्त्रीला बोलावलं. रिसेप्शनशेजारची एकशे एक नंबरची खोली अकरा दिवसांत फोडून, बांधून, रंगवून तयार. तेही मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये. मला फार राग आला.

खुर्ची नीट फिरते का हे बघायला खुर्ची हवी होती, आणि ती एकच होती. म्हणून मी सासूबाईंना हॉटेलात घेऊन गेले. त्या एकशे एकमध्ये शिरल्या, बाथरूमचं दार हाताने सरकवलं, आत गेल्या आणि आतून लावून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाण्याचा आवाज यायला लागला. मी बाहेर उभी, हाक मारावी की नको कळेना. अर्ध्या तासाने दार सरकलं. त्यांचे केस ओले होते आणि पदर नीट खोचलेला होता.

"सविते, कुनाला हाक मारली न्हाई म्या," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. मग तपासणी जवळ येईपर्यंत सासूबाई एकशे एकमध्येच राहिल्या. आदिनाथ म्हणाला, बरंच झालं, काही कमी-जास्त असेल तर आईला कळेल. आणि खरंच कळलं. साबण ठेवायची जागा उंच होती, एक दांडा हलत होता. गोरखने दोन्ही दुरुस्त केलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सासूबाईंना घरी आणलं. समितीतल्या बाईंनी टेप लावून दारं मोजली, दांडे ओढून पाहिले आणि म्हणाल्या की बऱ्याच ठिकाणी ही खोली नावापुरती असते, इथे वापरणाऱ्याचा विचार केलेला दिसतो. आदिनाथने मान तुकवून आभार मानले. आईचं नाव घेतलं नाही.

काही आठवड्यांनी पत्र आलं. तीन तारे मिळाले, कंपनीचा करार झाला, दारावर पाटी लागली. एकशे एक बुकिंगला खुली झाली आणि सासूबाईंचं पाणी पुन्हा दोन पेल्यांवर आलं. मी पेला पुढे केला की तोंड फिरवायच्या. "तुमच्या कमरंचं बी बगाया पायजे का न्हाई," म्हणायच्या.

एका दुपारी त्या पलंगावर झोपल्या होत्या आणि खुर्ची रिकामी होती. आदिनाथ जेवायला आला होता. मी म्हटलं, "अहो, बसा या खुर्चीत. बाथरूममध्ये जाऊन या. पाय खाली टेकवायचे नाहीत."

त्याला गंमत वाटली. हसत बसला, चाकं फिरवत दारापर्यंत गेला. खुर्ची चौकटीला दोन्ही बाजूंनी घासली. जोर केला तशी पुढची चाकं उंबऱ्याला आपटली आणि खुर्ची दारातच अडकली. मागे घ्यायला गेला तर तशीही हलेना. धरायला काही मिळतंय का म्हणून त्याने आत हात घातला, तर हाताला टॉवेलची खुंटी लागली.

"सविता, जरा ये गं," तो म्हणाला.

मी भाजी निवडत होते. ऐकू आलं, पण उठले नाही. त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, आई जागी होऊ नये म्हणून. मग तिसऱ्यांदा मारली नाही. पाय टेकवून उठला असता तर क्षणाचं काम होतं, पण तो उठला नाही. मग खिशातून फोन काढला.

"गोरख, उद्या सकाळी ये. हातोडा घेऊन ये," तो म्हणाला. पलीकडून गोरखने काहीतरी विचारलं असावं. "न्हाई," आदिनाथ म्हणाला, "हाटेलात न्हाई. घरी."