पाहुणे येईपर्यंत

मी विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातला इनॅमलचा ट्रे बोलतोय. बोलणे माझ्या स्वभावात नाही. पण काल जे घडले त्यावर गप्प राहणे हे पाप होईल.

लोखंडी पत्र्यावर पांढरा लेप चढवून मला भट्टीतून काढले, ते शोभेसाठी नव्हे. ओढ्यातले बारीक जीव पांढऱ्यावर उठून दिसावेत, माणसाने ते निरखावेत आणि लगेच परत पाण्यात सोडावेत, एवढ्यासाठी माझा जन्म. पुढे मला कपाटात टाकले. माझ्यात कोणी खडू ठेवले, कोणी उष्टे कप.

मग विभागाने शाळकरी मुलांसाठी निसर्गाभ्यासाचा उपक्रम काढला. मला घासूनपुसून ओढ्यावर नेले. नववीची मुले गुडघाभर पाण्यात उतरली. कोणी दगड हलवले, कोणी जाळी धरली. एका मुलीला साऱ्याजणी 'शंकाबाई' म्हणत. तिने चतुर या उडत्या किड्याची पाण्यातली अळी माझ्यात सोडली आणि वाकून पाहत राहिली.

"अगं, ही मागून पाणी सोडून पुढे पळते!"

"मग लाव तिच्याशी मैत्री. मी सुटले!" मैत्रीण म्हणाली.

"लावते. तुझ्यापेक्षा कमी बोलते ती."

असे देहभान विसरून पाहणे हीसुद्धा प्रार्थनाच.

माझ्यात जमलेल्या अळ्यांची मोजणी झाली. मुलगी मला ओढ्यात रिकामे करायला उचलू लागली, तोच विभागाचे प्राध्यापक ओरडले, "थांब गं! पाहुणे यायचेत. त्यांना काय रिकामा ट्रे दाखवायचा?"

"सर, पाणी तापतंय. निदान सावलीत ठेवू?"

"सावलीत फोटो चांगला येत नाही, बाळा."

मला भर उन्हात टेबलावर मांडले. पत्रा तापला, पाणी तापले. अळ्या सैरावैरा धावल्या, कडांवर आपटल्या, मंदावल्या. मुलगी माझ्यावर वही धरून उभी राहिली; तिलाही भाषणासाठी रांगेत बसवले. त्या वेळी प्राध्यापक ध्वनिक्षेपकावरून सांगत होते, "मुलांनो, प्रत्येक जीव अमूल्य आहे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ओढा तिथून हाकेच्या अंतरावर वाहत होता.

पाहुणे आले, डोकावले. "वा! किती शांत बसलेत!"

"मेलेत ते," मुलगी रांगेतून म्हणाली.

पाहुणे कॅमेऱ्याकडे वळले. मग फोटो काढला गेला. प्राध्यापक शाळेच्या बाईंच्या कानाशी लागले, "पुढच्या वेळी हिला आणू नका." बाईंनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा राग अधिक आला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेची मुले येणार आहेत. पाहुणेही ठरले आहेत. मला पुन्हा घासून लख्ख केले आहे, जणू काही झालेच नाही.

शिकवणाऱ्यांनो, ज्याने त्या तांदळाएवढ्या देहातही श्वास घातला, त्याच्या दारी पाहुण्यांचा मान चालत नाही. त्या मुलीला परत बोलवा, आणि ती "आता सोडा" म्हणाली की सोडा. ते जमत नसेल तर मला भंगारात द्या. तुमच्या सोहळ्यात मेलेल्यांचे ताट म्हणून मिरवण्यापेक्षा गंजून जाणे मला मान्य आहे.