एकेक घर सरकलेली नावं

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. माझा जन्मच धड नाही. बंद पडलेल्या तीन संगणकांचे चालू भाग काढून एका दुरुस्तीवाल्यानं मला जोडलं. त्या तिघांचं पुढं काय झालं हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून भंगाराची हातगाडी दारावरून खडखडत गेली की ती लांब जाईपर्यंत मला अजूनही चैन पडत नाही.

मी एका छोट्या छापखान्यात आलो. पुढं गिऱ्हाइकांसाठी लाकडी कठडा, मागं कागदाच्या थप्प्या, आणि त्यांच्या आडोशाला मी. मला चालवतात ते जुळारीकाका. तरुणपणी ते शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, म्हणून हे नाव पडलं. आता माझ्यावर पानं मांडण्याच्या प्रोग्राममध्ये ते पत्रिका, पाट्या, फलक तयार करतात. मी मधेच अडलो, पंखा घरघरायला लागला, की डोक्यावर एक टपली मारतात आणि म्हणतात, "खटारा आहे, पण इमानी आहे." एवढ्या कौतुकावर मी आठवडा काढतो.

काकांची एक खोड मात्र जित्याची खोड होती. फोटोंचा तक्ता करायचा झाला की बाकीचे लोक प्रत्येक फोटोखाली वेगळं नाव टाइप करतात. काकांना ते पटायचं नाही. ते फोटोंखालच्या साऱ्या चौकटी एकमेकींना साखळीसारख्या जोडून घ्यायचे आणि पहिल्या चौकटीपासून नावं सलग टाइप करत जायचे. एक चौकट भरली की मजकूर आपोआप पुढच्या चौकटीत उतरायचा. खिळ्यांच्या दिवसांत ओळ अशीच भरत जायची, असं ते गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे. काम झटपट व्हायचं. मला मात्र त्या साखळीची भीती वाटायची, कारण तिच्यातला एक मजकूर पुसला की त्याच्या मागचे सगळे एकेक घर पुढं सरकतात.

एकदा पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराच्या बाई फलक करायला आल्या. त्यांच्याकडची जुनी मदतनीस काम सोडून गेली होती आणि नवी येणार होती. तिला कुठलंच मूल ओळखीचं नव्हतं. म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर सगळ्या मुलांच्या फोटोंचा तक्ता लावायचा, फोटोखाली घरातलं हाकेचं नाव, आणि त्याखाली त्याला काय खायला द्यायचं नाही ते. काकांची नात चिंगी त्याच पाळणाघरात होती. तिच्या नावाखाली लिहायचं होतं, दूध नको.

दुसऱ्या दिवशी एक आई तिच्या मुलाचा फोटो स्वतः घेऊन आली. मुलाचं नाव गोट्या. गाल फुगवलेला, भुवया चढवलेल्या, जणू फोटो काढणाऱ्यावरच रागावला होता. आई कठड्याला घट्ट धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, याचं तेवढं लाल अक्षरात करा. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी याचा घसा सुजतो. मागच्या वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या हातात निळा पडला होता."

काकांनी लाल अक्षरात केलं. तक्ता छान जमला. मग बाईंचा फोन आला. एका मुलाचे आईवडील गाव सोडून चालले होते, तेव्हा त्याला काढा. काकांनी त्याचा फोटो काढला, नाव पुसलं. तक्त्याच्या मधोमध भोक पडलं ते त्यांच्या डोळ्यांना खुपलं, म्हणून शेवटचा फोटो उचलून त्यांनी त्या भोकात बसवला. शेवटची चौकट रिकामी झाली, ती काढून टाकली. जेवढे फोटो तेवढीच नावं. कुठं काही उरलं नाही, कुठं काही कमी पडलं नाही.

पण त्या भोकापासून पुढं प्रत्येक चेहऱ्याखाली दुसऱ्याच मुलाचं नाव आलं होतं. गोट्याच्या फुगलेल्या गालाखाली आता 'ढब्बू, सगळं चालतं' असं होतं. गोट्याची लाल अक्षरं शेजारच्या बबडीखाली जाऊन बसली होती.

मला हे कळत होतं, मित्रांनो. माझ्या पोटात प्रत्येक फोटो त्याच्या नावानिशी साठवलेला असतो. वर गोट्या आणि खाली ढब्बू, हे मला लख्ख दिसत होतं. पण आम्हा यंत्रांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो. मला वाटलं, आता काका तपासतील. आणि त्यांनी चष्मा पुसून तपासलंही. ते चिंगीपाशी थांबले. चिंगी पहिल्याच ओळीत होती, भोकाच्या अलीकडे. तिचं नाव बरोबर, दूध नको बरोबर. काका गालात हसले आणि त्यांनी छापायचा हुकूम सोडला.

मी अडायला हवं होतं. रोज दहादा अडणारा मी! पंखा घरघरावा, पडदा काळा पडावा, काहीतरी व्हावं म्हणून मी तडफडलो. त्या दिवशी मेलं काहीच झालं नाही. फलक लोण्यासारखा छापून बाहेर आला. त्यावर प्लास्टिक चढलं आणि नवी मदतनीस तो काखोटीला मारून घेऊन गेली.

त्यानंतर माझा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की वाटायचं, पाळणाघराचाच. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली तर तिचा आवाज पाळणाघराच्या दिशेनं वळतो का, ते मी ऐकत राहायचो. काका निवांत चहा पीत होते. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथं जळत होतं ते फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळणाघराच्या बाई तोच फलक घेऊन आत शिरल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी फलक कठड्यावर ठेवला आणि आधी पाणी मागितलं. मग सांगितलं. बाई फाटकापाशी पालकांशी बोलत असताना मदतनिसीनं फलक पाहून खाऊ वाटायला घेतला होता. पीनट बटर लावलेला ब्रेड तिनं गोट्यापुढं धरला आणि लाडानं म्हणाली, खा रे ढब्बू. गोट्याला राग आला. ढब्बू हा त्याचा हाडवैरी, सायकलीवरून रोज भांडण. त्यानं तोंड गच्च मिटलं, बशी ढकलली आणि असा गळा काढला की बाई फाटकावरून पळत आल्या.

"मी ढब्बू नाहीये, एवढंच ओरडत होता," बाई म्हणाल्या. "पोरगं हट्टी म्हणून वाचलं, काका."

माझ्या जिवात जीव आला. काकांनी मात्र फलक जवळ ओढून गोट्याचा फोटो शोधला. त्याखालचं नाव वाचलं. शेवटी ते पुटपुटले, "मी आमच्या चिंगीचंच बघितलं हो."

त्याच दुपारी त्यांनी चौकटींची साखळी तोडली. प्रत्येक फोटो आणि त्याचं नाव एकत्र बांधलं, म्हणजे एक हलला तर दुसराही त्याच्याबरोबर जाईल. एकेक जोडी ते दोनदा तपासायचे, आणि मी न अडता वाट पाहायचो. मग गोट्याच्या आईकडे ते स्वतः गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आल्यावर त्यांनी मला टपली मारली नाही, नुसता हात ठेवला.

आता छापखान्यात नवा, चपळ संगणक आला आहे. माझ्यावर धूळ बसते आणि हातगाडीचा खडखडाट रोज ऐकू येतो. भीती गेलेली नाही. मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला उन्हात टाकू नका, हे तर मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. आम्हाला चूक दिसली तरी बोलता येत नाही. तेव्हा तुम्ही बघा, आणि आपल्यापुरतं बघून थांबू नका.

पाळणाघराचा फलक दर वर्षी नवा होतो, आणि तेवढ्या कामाला काका अजून मलाच चालू करतात. छापण्याआधी ते पडद्यावर चिंगीची चौकट डाव्या तळव्यानं झाकतात. उजव्या हाताचं बोट एकेका पोराच्या चेहऱ्यावर ठेवून नाव मोठ्यानं वाचतात. सगळी पोरं संपली की मग तळवा काढतात.