मदिनाच्या शेळीला पुरणपोळी

अंगणवाडीत जन्मभर मी पोरांना एकच धडा दिला: ताटात काही टाकायचं नाही. टाकणाऱ्या पोराच्या आईला दारात उभी करून झापायलाही मी मागंपुढं पाहिलं नाही. आणि पोरांनी टाकलंच तर? पातेल्याच्या बुडाशी खिचडी राहिलीच तर? ती मी आणि माझी मदतनीस मदिना, दोघी मिळून संपवायचो. घरीही तेच. सकाळची भाकरी उरली की संध्याकाळी कुस्करून, तेल-तिखट घालून माझ्या पोटात. नात शिवकन्येनं सोडलेली अर्धी पोळी माझ्या पोटात. वरणाच्या भांड्याच्या तळाशी दोन घास दिसले की भांडं घासायला टाकायच्या आधी तेही माझ्याच पोटात. याला मी काटकसर म्हणायचे आणि त्याचा मला अभिमानही होता.

निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, सरपंचांचं लांबलचक भाषण मिळालं. दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरणं बंद झालं. खाणं मात्र होतं तेवढंच राहिलं. खरं सांगायचं तर दिवसभर स्वयंपाकघर हाताशी असल्यामुळं वाढलंच. मग एकदा मदिनाचे गुडघे दाखवायला तिच्यासोबत दवाखान्यात गेले आणि तिथल्या नर्सबाईंनी जाता जाता माझंही बोट टोचलं. मदिनाचे गुडघे राहिले बाजूला आणि शुगर निघाली माझी.

डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको, आधी खाणं सुधारून बघू. भाकरी अर्धी, भाजी भरपूर, गोड बंद, रोज चालणं. आणि ते उरलेलं संपवायचं खूळ तर आजपासूनच सोडा.

"घरी बोलू नको," मी वाटेतच मदिनाला बजावलं. साऱ्या गावाला काय खावं ते शिकवणाऱ्या बाईलाच शुगर! लोक तोंडावर पदर धरून हसले असते. शिवाय माझा मुलगा आदिनाथ असा घाबरट, की मला शिंक आली तरी जालन्याच्या दवाखान्यात न्यायला निघतो.

"कमाल करता बाई तुमी," मदिना म्हणाली. "घरात किती दिवस लपवनार?" पण मैत्रीण पक्की, कोणाला बोलली नाही.

त्या रात्री मी अर्धी भाकरी खाऊन हात धुतला. सून मीना माझ्याकडं बघतच राहिली. "आत्याबाई, भाजी बिघडली का?"

"न्हाई गं. बस झालं."

दुसऱ्या दिवशीही बस झालं. शिवकन्येच्या ताटातली पोळी तशीच राहिली, सकाळची भाकरी टोपलीत वाळली. तिसऱ्या दिवशी मीनानं लोणी-धपाटे केले. मग शिरा. मग सण ना वार, पुरणाची पोळी, वर तुपाची धार. मला संताप यायचा. इथं मी जिभेशी झुंजतेय आणि ही बया मलाच खिंडीत गाठतेय! नको म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा, म्हणून मी पोळी पदराखाली घ्यायची, "जरा मदिनाकडं जाऊन येते" म्हणायचं आणि तिच्या शेळीसमोर टाकायची. तेवढंच चालणंही व्हायचं. शेळी तर माझी चाहूल लागली की दाव्याला हिसके द्यायला लागली.

एके दिवशी मदिनानं माझा हात धरला. "बाई, शेळीचं ऱ्हाऊ द्या. बसा इथं. मीना आल्ती माझ्याकडं. लय रडली."

"रडली? का?"

"म्हनती, आत्याबाई माझ्या हातचं खाईना झाल्या. तुमी निवृत्त झाल्या तवा ती म्हनली होती ना, आता निवांत बसून खा म्हनून? तिला वाटतंय, तेच तुमाला लागलं. बसून खाती म्हनून टोमना मारला, असं वाटलं तुमाला."

मला तर ते बोलणं आठवतही नव्हतं. मी म्हटलं, "येडी हाये ती."

"येडी असन. पन आदिनाथ मंठ्याला खोली बघून आलाय. त्याचं दुकान तिथंच, म्हंजी कारन बी बराबर. आज रात्री खोलीवाल्याला पक्कं सांगनार हायेत. मीना म्हनती, माझं तोंड दिसलं की आत्याबाईचा घास अडतो, तर मी समोर नकोच."

मालक गेल्यापासून घरात आम्ही चौघंच. त्यातले तिघं उठून गेले तर मी भाकरी अर्धी खाल्ली काय आणि सबंध खाल्ली काय, विचारणार कोण?

घरी आले. मीनानं ताट वाढलं: सबंध भाकरी, वांग्याची भाजी, बाजूला गुळाचा खडा आणि तूप. आदिनाथ खाली मान घालून जेवत होता, शेजारी शिवकन्या पोळी चिवडत होती. मला वाटलं, खाऊन टाकावं सगळं. वर अजून एक मागून घ्यावी. एका भाकरीनं घर राहत असेल तर स्वस्तच की! मी मोठा घास तोंडात घातला तसा मीनाचा चेहरा असा उजळला, की मला गलबलून आलं. पण उद्याचं काय? परवाचं काय? या पोरीला रोज असं फसवायचं आणि वर शुगर वाढवून तिच्याच गळ्यात पडायचं?

मी भाकरी मोडली. "मीना, तुझं ताट घे. इथं बस माझ्यासंगं."

"तुमचं होऊ द्या, मंग बसते."

"बस म्हणलं ना!" अंगणवाडीतला आवाज निघाला. ती घाईनं ताट घेऊन बसली. मी अर्धी भाकरी तिच्या ताटात टाकली. "ही तुझी. मला अर्धीच चालती. मला शुगर हाये."

मीना माझ्याकडं वळली. "नुसती शुगर?"

"नुसती म्हंजी? अजून काय पायजे तुला?"

"माझ्यावर राग न्हाई?"

"कशाचा गं राग? तुझ्या हातचं सोडताना जीव तुटत होता माझा."

"बरं झालं बाई!" असं म्हणून ती ढसाढसा रडायला लागली.

"बरं काय झालं?" आदिनाथ ओरडला. "आईला शुगर झाली आन् तू बरं झालं म्हणून राह्यली?" तो उठून चप्पल शोधायला लागला, आताच्या आता जालन्याला जायला. त्याला खाली बसवताना मला हसू आवरेना. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणूस कशालाही हसतो.

मीनानं डोळे पुसले आणि एकदम तिला आठवलं. "मंग त्या पुरणाच्या पोळ्या कुठं गेल्या?"

"मदिनाच्या शेळीनं खाल्ल्या."

"म्हंजी मी तूप लावून लावून शेळीला जेऊ घातलं?" असं म्हणताना ती हसत होती आणि रडतही होती. मग तिनं माझ्या ताटातला गूळ उचलला, तूप उचललं आणि तिथं काकडीच्या फोडी ठेवल्या. न विचारता. शिवकन्येनं उरलेला पोळीचा तुकडा सवयीनं माझ्याकडं सरकवला, तर तोही मधल्यामध्ये काढून घेतला. "आज्जीला द्यायचा न्हाई. तेवढीच घेत जा, जेवढी खाशील." माझाच धडा, पण माझ्यापेक्षा शहाण्या रीतीनं.

तेवढ्यात आदिनाथचा फोन वाजला. मंठ्याचा खोलीवाला होता. आदिनाथनं मीनाकडं बघितलं. "काय सांगू?"

तोंडात माझ्या अर्ध्या भाकरीचा घास होता, तो गिळून मीना म्हणाली, "सांगा, खोली नको. आमच्या आत्याबाईला शुगर हाये, त्यांच्या खाण्याकडं मला बघावं लागतं."

तेव्हा मला पहिल्यांदा त्या शुगरचे आभार मानावेसे वाटले.