कोपराखालची जागा

हॉलिसने पॉलिश पेपरची घडी नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गिटारच्या वरच्या कडेला टेकवली, तेवढ्यात अर्लीनने त्याचं मनगट धरलं.

"तिथे नको घासूस."

आता काय म्हणावं या बाईला! एका नावाजलेल्या ब्लूज वादकाच्या जुन्या गिटारची हुबेहूब नक्कल तिनेच तर मागितली होती, नवऱ्यासाठी. डुएनची हयात त्या गिटारचे फोटो बघण्यात गेली. नव्या लाकडाला म्हातारपण आणायचं हा हॉलिसचा धंदाच. सिगारेटचा डाग, पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, सगळं फोटोबरहुकूम उतरलं होतं. उरली होती फक्त कोपराखालची जागा, जिथे मूळ गिटारचा रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं.

"तेवढं डुएन स्वतः झिजवेल," ती म्हणाली.

त्याला वीस वर्षं लागतात, हे हॉलिसच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डुएनच्या मेंदूतल्या गाठीबद्दल अख्ख्या लबक गावाला ठाऊक होतं. डॉक्टर ख्रिसमसच्या पुढचं बोलायलाच तयार नव्हते. हॉलिसने तिच्याकडे न बघता मान डोलावली.

ती गेल्यावर त्याने सगळा रंग खरवडून काढला आणि पुन्हा दिला, इतका पातळ की शर्टाच्या बाहीनेही निघावा. ओरखडे पुन्हा पाडावे लागले ते वेगळंच. चाळीस वर्षांत असलं कच्चं काम त्याने कधी केलं नव्हतं. जिवावर आलं, पण केलं.

ऑक्टोबरात दोघं तारा बदलायला आली. डुएन वाळून निम्मा झाला होता, पण थट्टेची खोड गेली नव्हती.

"बघ म्हाताऱ्या, झिजवली की नाही?"

हॉलिसने गिटार उजेडात धरली. वरची कड होती तशीच होती. लाकूड उघडं पडलं होतं ते भलतीकडेच, पार मागच्या टोकाला, जिथे वाजवणाऱ्याचा हात कधी जात नाही. गिटार ठेवायच्या पेटीत घासली का, असं त्याने विचारलं.

"उजवा हात जुलैतच संपावर गेला," डुएन म्हणाला. "सूर मी दाबतो. तारा ही छेडते, उजवीकडे बसून, मागच्या टोकावर हात टेकवून. ताल विचारू नकोस."

"रोज बोलणी खाते याची," अर्लीन म्हणाली.

हॉलिसने तारा चढवल्या, सुरात लावल्या, गिटार डुएनच्या मांडीवर ठेवली, आणि दुसरी खुर्ची उचलून त्याच्या उजव्या अंगाला चिकटून मांडली.