खाऱ्या पाण्याची दिवसपाळी

तिसऱ्यांदा फोन थरथरला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत डायलिसिसला आलेल्या मास्तरांचा दंड होता. सुई बसली होती, नळीतून रक्त यंत्राकडे निघालं होतं, फक्त चिकटपट्टीचे दोन तुकडे लावायचे राहिले होते. तिनं ते लावले, यंत्रावरचे आकडे बघितले, हातमोजे काढले, हात धुतले आणि मग कोपऱ्यात जाऊन फोन घेतला. घरून होता.

वडील तिला कामावर कधी फोन करत नसत. कामावरच्या माणसाला हाक मारणं म्हणजे चालत्या पट्ट्यात हात घालणं, असं त्यांचं मत. कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या मतांनाही वाफेसारखा दाब असे.

"बोला बाबा."

"तुझ्या गटाराचा आवाज बंद झालाय," वडील म्हणाले. "लाइट गेलीय. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. खालच्या मावशी चौकशी करून आल्या, संध्याकाळशिवाय येत नाही म्हणे."

तिनं घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी. दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता. आठ खाटांवर आठ माणसं होती आणि आठांचंही रक्त या घडीला त्यांच्या अंगाबाहेर फिरत होतं. साडेचारपर्यंत इथून हलायचा प्रश्नच नव्हता.

गटार म्हणजे पुढच्या खोलीतली तिची चार फुटी काचेची टाकी. खाऱ्या पाण्याची. घरी येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, मासे कुठायत? मासे नव्हतेच. तिला मासे नकोच होते. दगडांच्या फटींतून पिसांच्या झाडूसारखे उमलणारे आणि सावली पडली की क्षणात गडप होणारे किडे होते. सापाच्या शेपटीसारखे पाच हात असलेला एक काटकुळा तारामासा होता. नखाएवढा एक खेकडा होता, जो दोन्ही नांग्यांत एकेक इवलंसं समुद्रफूल धरून मुष्टियोद्ध्यासारखा फिरायचा आणि जवळ येईल त्याच्यावर ती फुलं रोखायचा. आणि सगळ्यांच्या मधोमध, आपल्या दगडावर, समुद्री सफरचंद. मुठीएवढा जांभळा गोळा, त्यावर पिवळ्या रेघा आणि तोंडाभोवती पांढरा पिसारा. पिसाऱ्याची एकेक फांदी तो सावकाश तोंडात घालून चाटायचा, बोटं चाटावीत तशी. तीन वर्षं तिनं हे सगळं सांभाळलं होतं. दिवसभर दवाखान्यात यंत्राच्या पाण्यातला क्षार राखायचा आणि घरी येऊन टाकीतला. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आई गेल्यावर वडील तिच्याकडे राहायला आले, त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. या दोन वर्षांत त्यांनी टाकीकडे पाठ करून खुर्ची मांडली होती आणि ती तशीच ठेवली होती.

"बाबा, नीट ऐका. पाणी हललं नाही तर त्यातली हवा संपते. बॅटरीवरचा छोटा पंप आहे, पण तो तासाभरात मान टाकेल. मग तुम्हाला मगानं पाणी उचलून वरून ओतत राहावं लागेल. सतत."

"किती वाजेपर्यंत?"

"लाइट येईपर्यंत. आणि पाणी तापायला नको. काचेवर काटा चिकटवलाय, तो सत्तावीसवर गेला की फ्रीजरमधली बर्फाची बाटली, झाकण घट्ट लावलेली, तशीच तरंगत सोडायची. एका वेळी एकच. बर्फ पाण्यात पडता कामा नये. हाताला साबण नको. जमेल?"

वडील शहात्तर वर्षांचे होते. जिन्याचे दोन टप्पे चढले तरी त्यांना मध्ये थांबावं लागे. खालच्या मावशींना सांगावं का, असा विचार तिच्या मनात आला. पण तसं बोलली असती, तर वडील रुसले असते आणि मगाला त्यांनी हातही लावला नसता.

"दिवसपाळीला दुसरा माणूस नाहीये, बाबा," ती म्हणाली.

"मग तसं सांग ना आधी," वडील म्हणाले आणि फोन ठेवला.

एक वाजता जेवायच्या सुट्टीत तिनं डबा न उघडता फोन लावला. फोनमधून पाणी पडल्याचा आवाज येत होता, थांबत थांबत, एका लयीत.

"साडेसव्वीस," वडील म्हणाले. "दोन बाटल्या झाल्या. जन्मभर पाणी तापवलं, आता म्हातारपणी गार करत बसलोय."

"दमला नाहीत ना?"

"काम सांग."

"बाबा, एकच महत्त्वाचं. तो जांभळा गोळा आहे ना मधल्या दगडावर—"

"जांभळी. तिचं काय?"

घाईत होती म्हणून ती त्या 'जांभळी'वर थांबली नाही. "तिच्याकडे लक्ष ठेवा. ती घाबरली की अंगातलं विष सोडते. ती मेली तर एकटी मरत नाही, तासाभरात अख्खी टाकी घेऊन जाते. ती फुगायला लागली, पिसारा आत घेतला, तर तिला वेगळं करायचं. पण पाण्याबाहेर काढायचं नाही. मोठं पातेलं टाकीत बुडवायचं आणि पाण्यातल्या पाण्यात तिला आत घ्यायचं. ओढायचं नाही, बारीक पायांनी ती दगडाला घट्ट चिकटलेली असते."

"ओढून कुठलीच गोष्ट सुटत नसते," वडील म्हणाले. "झडप अडकली की नवखे लोक हातोडा घेतात."

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन पुन्हा थरथरला. "फुगलीय," वडील एवढंच म्हणाले. "पिसारा आत. पातेलं काढलंय."

"बाबा, हात थरथरतोय का तुमचा? तसं असेल तर मावशींना—"

"थरथरायला मी काय नवखा आहे? ठेव."

तेवढ्यात पाचव्या खाटेवरच्या बाईंचा रक्तदाब खाली आला. यंत्र ओरडायला लागलं. तिनं खाटेचा पायथा उंच केला, यंत्राचा वेग कमी केला, नर्सला हाक मारली, बाईंच्या गालावर हळूच थोपटत त्यांच्या नातवाचं नाव विचारत राहिली. अर्धा तास असा गेला. बाईंच्या ओठांना रंग आला, त्यांनी नातवाच्या नावाबरोबर त्याच्या खोड्याही सांगायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिनं हात धुऊन घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

मास्तरांची वेळ संपत आली होती. त्यांचं सगळीकडे लक्ष असे. चाळीस वर्षं शेवटच्या बाकावर नजर ठेवलेला माणूस.

"घरी कोणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, मास्तर." तिनं त्यांच्या दंडावरची पट्टी सोडवली, सुई काढली आणि कापूस दाबून धरला. "आजारी कोणी नाही. वडील कामावर आहेत."

आपण हे ताठ मानेनं बोललो, हे तिचं तिलाच जाणवलं.

ती घरी पोचली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या उजळल्या होत्या, म्हणजे लाइट आली होती. तरी ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मधल्या टप्प्यावर तिला पंपाची घरघर ऐकू आली आणि तिथेच कठड्याला धरून तिनं श्वास घेतला.

दार उघडंच होतं. खिडक्या सताड, सगळे पडदे ओढलेले. जमिनीवर जुनी चादर अंथरलेली, तीवर रिकाम्या बाटल्या ओळीत उभ्या. टाकीशेजारी स्टुलावर मोठं पातेलं, आणि त्यात अर्ध्या विटेएवढ्या दगडासकट समुद्री सफरचंद. फूग उतरली होती. पिसाऱ्याची एक फांदी बाहेर आली होती, दुसरी येत होती.

वडील खुर्चीत बसले होते. खुर्चीचं तोंड टाकीकडे होतं. शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या, उजव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत मिठाची पांढरी रेघ सुकलेली. डाव्या हातानं ते उजवं मनगट चोळत होते. ती दिसताच थांबले.

"पाच वाजता आली लाइट," ते म्हणाले. "जांभळीला अजून आत सोडली नाही. तो निर्णय माझा नाही."

"आणि फोन का नाही उचललात?"

"दोन्ही हात पाण्यात होते. तिनं दगड सोडला नाही, मग मी दगडच घेतला. वेळ लागला."

ती टाकीसमोर गुडघ्यांवर बसली. झाडू उमललेले होते. तारामाशाचे दोन हात दगडाखालून बाहेर डोकावत होते. काही पांढरं पडलेलं, काही गळून तळाशी गेलेलं नव्हतं. तिनं पाण्याचा थेंब काढून क्षार तपासला, मग काटा बघितला. सव्वीस.

"वहीत आहे सगळं," मागून वडील म्हणाले.

वही टेबलावर होती. शंभर पानी, पट्टीनं आखलेली. वेळ, तापमान, शेरा. दर पंधरा मिनिटांची एक ओळ, अकरापासून पाचपर्यंत पंचवीस ओळी, वडिलांच्या ठाशीव अक्षरात. ती उभ्या उभ्या वाचू लागली.

*११.४५. छोटा पंप बंद. मगानं ओतणं सुरू.*

*१२.३०. २७. बाटली क्र. १ सोडली. झाडूवाले सगळे उघडे, चौदा.*

*१.१५. मावशी चार मिनिटं मगावर. कामात ढिल्या.*

*२.४५. जांभळी पातेल्यात, दगडासह. विष नाही. वेळ ३५ मि.; मधल्या दोन नोंदी अंदाजे.*

तिला हसू आलं. मग पुढची ओळ आली, आणि तिनं ती परत वाचली.

*३.१५. मुठवाल्यानं दोन्ही फुलं धरलेली. काळजी नाही. मागच्या मंगळवारी कात टाकली तेव्हा दोन्ही खाली ठेवली होती, नंतर परत उचलली. डावं आधी.*

मंगळवारी संध्याकाळी घरी आल्यावर तिला वाळूत खेकड्याची रिकामी कात सापडली होती. तो कात टाकताना फुलं खाली ठेवतो हे तिनं फक्त वाचलं होतं. ते एकदा डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून तीन वर्षांत कितीतरी सुट्ट्या तिनं या काचेसमोर बसून घालवल्या होत्या.

"बाबा, तुम्ही बघितलंत हे?"

"काय?"

"कात टाकताना. फुलं ठेवताना."

वडिलांनी खिडकीबाहेर बघितलं. "दुपारी माणसानं करायचं काय? टीव्हीवर तर सगळे भांडतच असतात."

"डावं आधी उचललं?"

"डावं." त्यांनी आपली डावी मूठ वर करून दाखवली, मग अवघडून खाली घेतली. "चार-पाच मिनिटं चाचपडत होता. अंग मऊ ना त्याचं तेव्हा. मी पडदा सरकवून अंधार केला, मग जमलं त्याला."

तिनं नजर परत वहीवर नेली. तेव्हा तिला शेऱ्यापुढचे दोन रकाने दिसले. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं, कामगार. त्याखाली पंचवीस वेळा वडिलांची सही. उजव्या रकान्यावर लिहिलं होतं, इंजिनिअर. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"आणि हा?"

"बॉयलरच्या वहीला दोन सह्या लागतात," वडील म्हणाले. "चालवणाऱ्याची एक आणि ज्याच्या अक्कलहुशारीवर चालतं त्याची एक. दुसरी झाल्याशिवाय मला पाळी सोडता येत नाही."

"पंचवीस ओळींवर?"

"मग? तळाशी एक फराटा ओढून घरी जाणारे इंजिनिअर आम्ही टिकू दिले नाहीत, ठमे."

त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि पुढे केलं. ती टेबलाशी बसली. पहिल्या ओळीवर तिनं पूर्ण नाव लिहिलं, नीट, रकान्याच्या रेघेला न शिवता. मग दुसऱ्या. वडील कष्टानं खुर्चीतून उठले, तिच्या मागे येऊन उभे राहिले, दुमडलेल्या बाह्या त्यांनी खाली सोडल्या, गुंड्या लावल्या, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत हात पाठीमागे बांधून तसेच उभे राहिले.